मुका खांब

झेरॉक्सवाल्याकडे रंगीत शाई संपलेली,
म्हणून हर्षलाने फोनवर धाडलेला खेकडा
माझ्या हाती आला तो राखाडी.
आडवे ऐंशी चौकोन, उभे शहाण्णव.
समुद्र कुठला नि वाळू कुठली
ते मीच ठरवायचं.
"काका, एक चौकोन म्हणजे एक टाका. बस्स."
ती बस्स म्हणाली. मी गुणाकार केला.
सात हजार सहाशे ऐंशी.

गुडघा गेल्यापासून बोटीवर जात नाही.
आनंदवाडीच्या धक्क्यावर, बर्फाच्या गाडीच्या सावलीत
दुसऱ्यांची जाळी सांधतो.
तिथेच पिशवीतून हे काढलं तेव्हा
बाबी मोंडकर म्हणाला,
"गोधडीत मासो गावतलो काय रे?"

अंगणवाडीतल्या फुलावतीबाईंनी सुई धरायला शिकवली.
त्या उजव्या, मी डावखुरा,
म्हणून शेजारी नाही, समोर बसवलं.
"आरशात बघता तसं बघा."
साखळी. खांब. मुका खांब.
मुका खांब म्हणजे बुटका टाका,
शेजाऱ्याला चिकटून उभा.
मी विचारलं, मुका का?
त्या म्हणाल्या, ठाऊक नाही,
त्यातून वारासुद्धा बोलत नाही म्हणून असेल.

एक ओळ या बाजूने वाचायची,
पुढची उलट, परत.
कागदावर आडवं चालायचं
कागदातल्या त्या खेकड्यासारखं,
आणि संपलेल्या ओळीवर पेन्सिलची काट.
मागे लोंबतात सुती दोऱ्याची गुंडाळी:
तांबडी, पांढरी,
आणि जिला मी समुद्र ठरवलं ती.
निळी नव्हे.
खाडीचं पाणी भरतीला भेटतं तेव्हाची,
चहात दूध कमी पडावं तसली.
कणकवलीच्या दुकानात तिला मेंदी म्हणतात.
म्हणोत.

चाळीस वर्षं मी भोकं विणली.
बोटभर, दोन बोटं, मुठीएवढं.
कोण अडकणार आणि कोण सुटणार
ते भोकावर.
हर्षलाची अट एकच:
भोक नको, काका, बाळाची बोटं अडकतात.
त्या दिवशी पुढे काही विणलं नाही.
जाळ्याची सुई एका हातात,
ही दुसऱ्या हातात,
बसून राहिलो.

बावन्नाव्या ओळीला नांगी उगवली.
मोठी. या जातीला एकच मोठी असते.
कागदावर उजवीकडे,
माझ्या मांडीवर डावीकडे.
घाम फुटला. चौकोन मोजले,
पुन्हा मोजले, कागद उजेडात धरला,
पालथा केला, तेव्हा जमलं.
फुलावतीबाई हसल्या.
"डाव्या हाताने विणलं की चित्र कूस बदलतं."
शिकवताना हे सांगायचं राहिलंच म्हणे.

बाबी म्हणाला, उसव.
घरी आलो, पहिला दोरा सोडवला,
आणि मेतर गुरुजी आठवले.
दुसरीत त्यांनी हा हात
खाकी नाडीने बाकाला बांधला होता,
आषाढापासून दिवाळीपर्यंत.
उजव्या हाताने शिकलेली माझी सही
सोसायटीच्या वहीत अजून
दुसऱ्याच कुणाची वाटते.
सोडवलेला दोरा ओवून टाकला.
असू दे हा खेकडा डावखुरा.

आता अठ्ठ्याऐंशी ओळी झाल्या.
तिकडे हर्षलाला नववा लागला,
पाय सुजतात, फोनवर धापा टाकते,
पण विचारते ते हेच, कितवी ओळ?
रोज दिवे लागले की
मी हे घडीवर पसरून
उलट्या बाजूने करंगळी फिरवतो.
आमच्या घरातलं सगळ्यात बारीक बोट तेच.
काल नांगीच्या सांध्यापाशी,
रंग बदलतो तिथे,
करंगळी आत गेली.
नखापुरतीच.

आज तीन ओळी उसवल्या.
दोनशे चाळीस.
धक्क्यावर लिलाव आटपलाय, मांजरं उरलीत,
बाबी डबा धुता धुता विचारतो,
"डेंगो सरळ करतंस काय रे?"
म्हटलं, नाय.